प्लास्टरच्या दिवसांतलं भरीत

लक्ष्मी मार्केटात भोपळा घेताना
मी त्याला टिचकी मारून कान लावला
तर कवठेपिरानची बाई हसली,
"मिस्त्री, ह्याला तारा न्हाई लावायच्या,
ह्याचं कालवण हुतंय."

काय करणार. बत्तीस वर्षं
मी वाळलेलेच भोपळे हाताळले.
भीमाकाठचे, टेम्पोतून पेंढ्यात बसून येणारे,
कडूजहर, हलके,
आत नुसत्या बिया खुळखुळणारे.
मिरजेत आमच्या माळ्यावर ते दोन दोन वर्षं टांगलेले असतात.
ओला, जड, नारिंगी गराचा भोपळा
ही रुकैयाची हद्द.

पण रुकैया परवा मोरीत घसरली.
उजवं मनगट.
मिशन दवाखान्यातून कोपरापर्यंत पांढरी होऊन आली
आणि स्वयंपाकघराच्या दारात
प्लास्टिकची खुर्ची टाकून बसली,
परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई बसतात तशी.

"ती आरी ठेवा आधी," म्हणाली.
मी खरंच कारखान्यातली आरी आणली होती.

विळीवर अर्धा झाला.
आत ओले धागे, बिया, बंद खोलीचा वास.
सवयीनं मी अंगठ्यानं
भिंत किती जाड आहे ते बघत बसलो.
"सालीसकट वाफवा. चाळणीत ठेवून.
पाण्यात टाकलात तर गोडवा पाण्यातच राहतो.
आणि दोन शिट्ट्या. तीन नाही."

दुसऱ्या शिट्टीनंतर
वाफ जिरेपर्यंत दोघंही गप्प.
आमच्या कुकरची शिट्टी
काळी चारच्या जरा खाली लागते.
लग्नाला एकोणतीस वर्षं झाल्यावर
हे मी तिला सांगितलं.
ती म्हणाली, "रबर बदलायला झालंय."

साल सुटली,
जुन्या पॉलिशचा पापुद्रा सुटतो तशी, एका ओढीत.
मी रवी घेतली.
"रवी नको. हातानं कुस्करा.
गाठ बोटाला कळते."
माझी बोटं लाखेनं आणि कानशीनं मेलेली.
तरी त्या ऊन गरात
कुठं एखादा धागा राहिलाय ते लागत होतं.
जवारी काढताना
अर्ध्या केसाइतकं घासायचं, थांबायचं,
तार छेडून ऐकायचं, परत घासायचं.
इथं ऐकायला काहीच नव्हतं.
हाताखाली नुसतं मऊ होत होतं,
आणि कधी थांबायचं ते
मला खुर्चीकडं बघून कळत होतं.

दह्याची वाटी उचलली.
"आत्ता नको. निवू द्या. फाटेल."

निवेपर्यंत तिनं डाव्या हातानं
मला माझंच घर दाखवलं.
दाण्याचं कूट पितळी डब्यात.
मीठ बरणीत, साखर तिच्या मागं.
आणि हिंग
त्या छोट्या हिरव्या पत्र्याच्या डबीत,
जिच्यात माझे तंबोऱ्याचे मणी असायचे,
जी हरवली म्हणून मी
दस्तगीरशी सहा महिने बोललो नव्हतो.
"रिकामी होती," ती म्हणाली.
मी काही बोललो नाही.
दस्तगीर जाऊन चार वर्षं झाली.

दही घातलं, कूट, साखर चिमूटभर,
केशरी रंग हळूहळू फिका पडत
नव्या लाकडासारखा झाला.

"तूप तापलं हे कसं ओळखायचं?"
"एक जिरं टाका आणि ऐका.
तुमचंच काम आहे."

टाकलं. एक बारीक तड.
मग सगळं जिरं, मिरची, हिंग,
आणि कढलं भरतावर उलटं केलं तेव्हा
चर्र असा जो आवाज झाला
तो कुठल्याच पट्टीत बसणारा नव्हता.

चमचा सापडेना म्हणून
तिनं माझ्याच बोटावरून चाखलं.
डोळे मिटले. मी थांबलो,
गिऱ्हाईक पहिल्यांदा वाजवून बघतं
तेव्हा थांबतो तसा.

"मीठ कमी," ती म्हणाली.
"आणि उरलेल्या अर्ध्याचे उद्या घारगे.
पीठ तुम्हालाच मळायचंय."